नवाहो घरी पाण्याचा नमुना घ्यायला जाताना

नवाहो म्हणजे अमेरिकेच्या नैऋत्येतले मूळ रहिवासी. त्यांच्या पाण्यात जुन्या खाणींमुळे युरेनियम आलंय का, हे आमचा गट तपासतो. गटात नवीन येणाऱ्या मुलांना मी पहिल्याच दिवशी सांगते की बाटल्या आधी गाडीतच राहू द्या. घरासमोर पोचलात की धाडकन उतरू नका. कुणी दारात येईपर्यंत गाडीत बसून राहा. मग ‘याआतेह’ (नवाहोतला नमस्कार) म्हणा, हात हलकेच मिळवा, घट्ट दाबू नका. मी चार वर्षं न्यू मेक्सिकोतल्या गॅलपला राहून हेच काम करतेय, आणि घाई केली ती प्रत्येक भेट वाया गेली.

‘तुमचं पाणी चांगलं आहे का?’ हा प्रश्न कुचकामी. उत्तर ‘हो’ असंच येतं. ‘चहाचं पाणी कुठून आणता?’ असं विचारा, आणि लगेच पुढचं, ‘चिखलात रस्ता बंद झाला की कुठून?’ नवाहो नेशनमधल्या, म्हणजे त्यांच्या स्वशासित प्रदेशातल्या, साधारण ३० टक्के घरांत नळ नाही, पिकअपमध्ये पिंपं टाकून पाणी वाहून आणतात. माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी एका आजींच्या स्वयंपाकघरातल्या भांड्यातलं पाणी घेऊन निघाले. अहवाल स्वच्छ आला, मी खूश. दुसऱ्या खेपेला घरामागे निळं पिंप दिसलं. बर्फ पडलं की आजी जवळच्या पवनचक्कीच्या विहिरीचं पाणी त्यात भरत. विहिरीवर ‘फक्त जनावरांसाठी’ अशी पाटी होती, पण लांबचा रस्ता बंद असताना पाटी वाचून तहान भागत नाही. म्हणून घरामागे चक्कर मारल्याशिवाय निघू नका.

नमुना जिथून पितात तिथूनच घ्यायचा, आणि मूळ विहिरीचा वेगळा. धातूंच्या तपासणीच्या बाटलीत प्रयोगशाळेनं बहुधा नायट्रिक आम्ल घातलेलं असतं, तेव्हा ती विसळू नका, उतू जाईपर्यंत भरू नका, हातमोजे घाला. लेबल हात ओले होण्याआधी लिहा. (हे मी तीनदा सांगते, तरी शाई पसरतेच.) युरेनियमबरोबर आर्सेनिकही मागा, कारण या भागात दोन्ही एकाच विहिरीत सापडतात. पिण्याच्या पाण्याची अमेरिकन मर्यादा लिटरमागे युरेनियमसाठी ३० मायक्रोग्रॅम आणि आर्सेनिकसाठी १०.

पाणी उकळून घ्या, असं चुकूनही सांगू नका. पाण्याची वाफ होते, युरेनियम मागे राहतं आणि उलट दाट होतं. रिव्हर्स ऑस्मोसिस (दाबानं बारीक पडद्यातून पाणी गाळणं) चालतं, पण त्याला नळ आणि दाब लागतो, म्हणजे नेमकं जे नाही तेच. त्यामुळे बहुतेक घरांना खरा उपाय एकच, दुसरी, तपासलेली जागा. ती कुठे आहे हे आपल्याला आधी ठाऊक हवं.

आता सगळ्यात अवघड भाग, सांगण्याचा. ‘तुमची मूत्रपिंडं खराब होतील’ हे वाक्य तिथे उच्चारायचं नाही. वाईट गोष्ट बोलली की ती ओढवते, असं बऱ्याच घरांत मानतात. म्हणून तिसऱ्या माणसाबद्दल बोला: ‘असं पाणी कुणी बरीच वर्षं प्यायलं, तर त्या माणसाच्या मूत्रपिंडांना त्रास होऊ शकतो.’ ऐकणाऱ्याला काय ते कळतं. युरेनियमला नवाहोत लेत्सो म्हणतात, पिवळी माती. किरणोत्सर्गावर व्याख्यान देण्यापेक्षा हा शब्द वापरा.

बोलता बोलता जुन्या गोष्टी निघतातच. १९४४ ते १९८६ या काळात इथून युरेनियमचं सुमारे ३ कोटी टन खनिज काढलं गेलं, आणि ५०० हून जास्त खाणी तशाच सोडून दिल्या. कुणी ‘नदी आली ते वर्ष’ म्हणालं तर समजा १६ जुलै १९७९, चर्च रॉकच्या युरेनियम गिरणीच्या सांडपाण्याच्या तळ्याचा बांध फुटून सुमारे ९.४ कोटी गॅलन किरणोत्सर्गी सांडपाणी प्वेर्को नदीत गेलं तो दिवस. घरात कोण खाणीत होतं, धुळीचे कपडे कोण धुवायचं, हेही विचारा. हवा न खेळणाऱ्या खाणींतला रेडॉन हा किरणोत्सर्गी वायू खाणकामगारांच्या फुप्फुसांना भोवला. त्यांच्या भरपाईचा १९९० चा कायदा जून २०२४ मध्ये संपला आणि जुलै २०२५ मध्ये पुन्हा लागू झाला, हे कित्येक विधवांपर्यंत पोचलेलंच नाही.

भिंतीचे दगड खाणीतून आणलेत असं कळलं तर नुसत्या डोळ्यांनी निवाडा देऊ नका. गॅमा मीटरनं (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) मोजायला नवाहो नेशनच्या पर्यावरण खात्याला कळवा. घरातला रेडॉन मोजायची पेटी ठेवायची तर तेवढे दिवस खिडक्या बंद हव्यात. मेंढरं खाणीच्या ढिगाऱ्यावर चरत असतील तर चरायची जागा बदलायला सुचवा, आणि त्या मेंढरांची मूत्रपिंडं खाऊ नयेत हेही, कारण युरेनियम तिथे साठतं. हे शेवटचं जरा जपून, त्यांच्या घरी ती आवडीनं खातात.

अहवाल टपालानं पाठवू नका. हातात घेऊन जा, सोबत तपासलेल्या नळापर्यंतचा रस्ता कागदावर काढून न्या. चिखलात कुठला फाटा टाळायचा तेही त्यावर लिहा.