शोस्ताकोविचवर काम सुरू करताना: आधी तारखा, मग सूर

सोव्हिएत संगीतकार शोस्ताकोविचवर प्रबंध लिहायला घेतला की दोन तयार प्रतिमा लगेच हाती लागतात: एक सरकारी भाटाची, दुसरी सुरांत निषेध दडवणाऱ्या बंडखोराची. दोन्ही तूर्तास बाजूला ठेवा आणि वहीत चार रकाने आखा. कृती कधी लिहून झाली, पहिल्यांदा कधी वाजली, तिच्याबद्दल कोण काय म्हणालं आणि ते छापून कधी आलं. नवखे हमखास गाळतात तो चौथा रकाना.

मेत्सेंस्कच्या लेडी मॅकबेथवरचा त्याचा ऑपेरा जानेवारी १९३४ मध्ये लेनिनग्राडला आला आणि दोन वर्षं गाजला. २६ जानेवारी १९३६ ला स्टालिनने मॉस्कोत तो पाहिला आणि २८ तारखेला 'प्रावदा' या पक्षाच्या वृत्तपत्रात त्याची चिरफाड करणारा निनावी लेख आला. संगीत तेच होतं, पण काल वाहवा करणारे कितीतरी समीक्षक भराभर पलटले. त्याच वर्षी तालमी चालू असताना मागे घेतलेली चौथी सिंफनी लोकांना ऐकायला मिळाली थेट १९६१ मध्ये. तोवर 'चुकलेला संगीतकार पाचवीत सुधारला' हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांनी चौथी ऐकलेलीच नव्हती!

पाचवी नोव्हेंबर १९३७ ची. 'रास्त टीकेला सोव्हिएत कलावंताचं उत्तर' हे तिचं उपशीर्षक नव्हे. ते एका पत्रकाराचं वाक्य, पण कार्यक्रमपत्रिकांमध्ये आजही उपशीर्षक म्हणून छापलं जातं. शेवटच्या भागाचा स्कोअर, म्हणजे छापील स्वरलेखन, उघडून पाहा. समारोपाला काही आवृत्त्यांत मिनिटाला १८४ क्वेव्हर अशी मेट्रोनोमची (लय मोजणाऱ्या यंत्राची) खूण आहे, तर काहींत १८८ क्रॉचेट (क्रॉचेट क्वेव्हरच्या दुप्पट लांबीचा स्वर), म्हणजे लय जवळजवळ दुप्पट. वाद्यवृंद-संचालक बर्नस्टाइनचं १९५९ चं ध्वनिमुद्रण वेगवान आहे, तिथे विजयोत्सव ऐकू येतो. संथ लयीत तोच शेवट दमदाटीने करवून घेतलेल्या जल्लोषासारखा वाटतो. म्हणून 'या शेवटाचा अर्थ काय' असं लिहिण्याआधी कुठली आवृत्ती आणि कुठलं वादन, हे नोंदवा.

पश्चिमेचं राजकारणही विसरू नका. सातवीची मायक्रोफिल्म तेहरानमार्गे अमेरिकेत पोहोचली आणि १९ जुलै १९४२ ला वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनीने ती रेडिओवर सादर केली, कारण तेव्हा रशिया दोस्त होता. शीतयुद्धात तीच सिंफनी प्रचारकी ठरली. संगीतकारांवर टीका करणारा पक्षाचा १९४८ चा ठराव मुळात मुरादेली या दुसऱ्या संगीतकाराच्या ऑपेऱ्यावरून निघाला होता, मात्र झळ शोस्ताकोविचलाही बसली. १९५८ मध्ये पक्षाने ती टीका अंशतः मागे घेतली.

सगळ्यात निसरडी जागा म्हणजे वोल्कोव्ह या लेखकाने शोस्ताकोविचने सांगितलेल्या म्हणून १९७९ मध्ये न्यूयॉर्कहून काढलेल्या 'आठवणी'. संगीतकाराची सही असलेल्या पानांवरचा मजकूर त्याच्या आधीच छापून आलेल्या लेखांशी जुळतो, हे संगीत-अभ्यासक लॉरेल फे यांनी १९८० मध्ये दाखवलं. म्हणजे त्या सह्यांवरून अख्खं पुस्तक त्याचंच ठरत नाही. पुस्तक फेकून द्यायची गरज नाही, पण त्यातलं वाक्य 'शोस्ताकोविच म्हणतो' असं उद्धृत केलंत तर परीक्षक तिथेच पकडतील. 'वोल्कोव्हच्या पुस्तकानुसार' असं लिहा आणि चौथ्या रकान्यात १९७९ भरा.