ओटागोच्या रेल्वेवाटेवर जायचंय? मुंबईत करायची तयारी

पहिलं काम सायकलचं नाही, बसण्याचं आहे. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरची ओटागो सेंट्रल रेल ट्रेल म्हणजे १९९० साली बंद झालेला रेल्वेमार्ग. त्याचे रूळ काढून खडी दाबली आणि २००० मध्ये क्लाइड ते मिडलमार्च ही १५२ किलोमीटरची वाट चालणाऱ्यांना आणि सायकलवाल्यांना खुली झाली. मूळ रेल्वेमार्ग ज्यांनी आखला त्यांच्या डोळ्यासमोर वाफेचं इंजिन होतं, त्यामुळे चढ साधारण पन्नासास एक, म्हणजे पन्नास मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, याच्या पलीकडे जात नाही. आपला बोरघाट सदतिसास एक आहे, म्हणून तिथे गाडीला मागून जास्तीची इंजिनं लावावी लागतात. ओटागोच्या वाटेचा सगळ्यात उंच भाग वेडरबर्नजवळ ६१८ मीटरवर आहे, म्हणजे जवळजवळ लोणावळ्याएवढा. खोपोलीहून लोणावळा सायकलवर सकाळच्या सकाळी गाठता येतं. ओटागोत मात्र तेवढ्या उंचीवर पोचायला बहुतेकांचे दीड-दोन दिवस जातात.

हे ऐकून ‘मग सोपंच आहे की’ असं वाटेल. दमाच्या बाबतीत सोपं आहेच, पण बैठकीच्या बाबतीत अजिबात नाही. घाटात आपण उभं राहून पेडल मारतो, उतारावर पाय थांबवतो, आणि तेवढ्यात मांड्यांना, कंबरेला, बुडाला सुटका मिळते. रेल्वेच्या वाटेवर उभं राहावं असा चढ नाही आणि नुसतं घरंगळत जावं असा उतारही फारसा नाही. तासन् तास एकाच जागी बसून पाय फिरवायचे. म्हणून निदान दोन महिने आधी सीट ठरवा, गादीची शॉर्ट ठरवा, आणि त्यानंतर दोन्हींना हात लावू नका. निघायच्या आठवड्यात ‘आणखी चांगली’ म्हणून घेतलेली सीट तिसऱ्या दिवशी रडवते. मुंबईच्या दमट हवेत काचतं ते क्रीम लावून निभावतं. तिथली हवा कोरडी असली तरी क्रीम बरोबर ठेवाच.

सराव दोन तऱ्हेचा हवा. खडीवर हात बसावा म्हणून लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीच्या उधेवाडीपर्यंतचा कच्चा रस्ता उत्तम. जाऊन-येऊन तीसेक किलोमीटर होतात, आणि मोकळ्या दगडांवर पुढचं चाक घसरलं तर ब्रेक न दाबता हात सैल सोडायचा ही सवय तिथे लागते. वसईजवळचा तुंगारेश्वरचा मातीचा चढही चांगला, मात्र ते अभयारण्य आहे, प्रवेशाच्या वेळा पाळा आणि पावसाळ्यात ओढ्यांच्या वाटेला जाऊ नका. कर्जत-कोंदिवडे बाजूला थंडीत धूळ आणि खड्डे दोन्ही मुबलक. पण ही सगळी डोंगराची तयारी झाली, आणि आपल्याकडचे बहुतेक लोक एवढ्यावरच थांबतात. रेल्वेवाटेची खरी तालीम सपाटीवर होते. भाऊच्या धक्क्यावरून रो-रोने मांडव्याला उतरा आणि अलिबागवरून रेवदंड्यापर्यंत जाऊन परत या, शक्यतो दुपारी, समुद्रावरचा वारा तोंडावर असताना. नियम एकच: पाय थांबवायचा नाही. मुंबईत सिग्नल आपल्याला नकळत दर पाच मिनिटांनी विश्रांती देतो, त्यामुळे शहरातल्या साठ किलोमीटरवर विसंबू नका. पामबीच रोडवर पहाटे हे थोडंफार जमतं.

सायकल न्यायची की तिथे भाड्याने घ्यायची? माझं मत विचाराल तर सायकल तिथली घ्या. सीट, पेडल आणि बूट इथून न्या. वाटेच्या दोन्ही टोकांना सायकली भाड्याने मिळतात, रुंद टायरच्या आणि ई-बाइकसुद्धा. आई-बाबांना घेऊन जाणार असाल तर त्यांच्यासाठी ई-बाइकच सांगा, लाजायचं कारण नाही. मुक्कामाचं सामान पुढच्या गावी पोचवणारी सेवाही तिथे मिळते. पण ज्यांनी हौसेने ग्रॅव्हल बाइक, म्हणजे खडीच्या रस्त्यांसाठीची सायकल, घेतली आहे ते माझं ऐकणार नाहीत, म्हणून पुढचं त्यांच्यासाठी.

टायर चाळीस मिलिमीटरच्या आसपास असला की पुरे. खोल नक्षीचा लागत नाही, कारण वाट दाबलेल्या खडीची आहे, चिखलाची नाही. ट्यूबलेस असेल तर आतलं सीलंट, म्हणजे छिद्र आपोआप बुजवणारा द्रव, बघा. मुंबईच्या उकाड्यात ते दोन-तीन महिन्यांत वाळून त्याच्या गोळ्या होतात आणि पंक्चर झाल्यावरच कळतं. निघण्याआधी ताजं भरा. मध्य ओटागोत काटेरी झुडपं भरपूर, तेव्हा टायरचं छिद्र बुजवायचे प्लग, एक जास्तीची ट्यूब आणि हातपंप हवेतच. टायरमध्ये हवा भरायची गॅसची छोटी नळकांडी विमानात अडवली जाऊ शकतात, ती घरीच ठेवा. ब्रेकचे पॅड अर्धे झाले असतील तर इथेच बदला. आणि एक वस्तू जवळपास सगळे विसरतात: गिअर बदलणारा मागचा डिरेलर ज्यावर बसतो तो हँगर. प्रत्येक मॉडेलचा वेगळा असतो, विमानाच्या सामानात दबून हमखास वाकतो, आणि वाटेवरच्या छोट्या गावात तुमच्या सायकलचा मिळण्याची आशा धरू नका. एक जास्तीचा मागवून सीटखालच्या पिशवीत टाका. सोबत क्विक लिंक, म्हणजे तुटलेली चेन जोडायची कडी.

पॅकिंगला पुठ्ठ्याचा खोका सायकलच्या दुकानात मागितला की बहुतेक मिळतो. पेडल काढताना डावं उलट्या आट्यांचं असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर जोर लावून आटेच जातील. डिरेलर सोडवून कापडात गुंडाळा, चाकं काढल्यावर डिस्क ब्रेकच्या पॅडमध्ये प्लास्टिकची पट्टी सरकवा. पॉवर बँक केबिन बॅगेत, चेक-इनमध्ये नाही.

आता सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम: धुणं. न्यूझीलंड बाहेरची माती आणि बी देशात येऊ देत नाही. वापरलेली सायकल आणि मैदानी बूट देशात शिरतानाच्या अर्जात जाहीर करावे लागतात आणि ते स्वच्छ असावे लागतात. राजमाचीची माती टायरच्या खाचांत, पेडलखाली, बुटाच्या तळाशी बसते. जुना टूथब्रश घ्या आणि उन्हात बसून एकेक खाच काढा. मोज्यांना आणि बॅगेच्या वेल्क्रोला चिकटलेली कुसळं तर कोणाच्या ध्यानातच येत नाहीत. सायकल भाड्याने घेणाऱ्यांनाही बूट-पेडलची ही स्वच्छता चुकत नाही. खाण्याचंही तसंच. आईने दिलेले लाडू, चटणी, मसाला, जे काही असेल ते अर्जात लिहा. जप्त झालं तर झालं. लपवलं आणि सापडलं तर जागच्या जागी ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड. मध मात्र नेऊच नका.

कपड्यांत मुंबईकर कमी पडतो तो थंडीत. एप्रिलमध्ये तिथे पानगळीचा ऋतू असतो, दुपार छान पण सकाळ चांगलीच गारठ्याची. पूर्ण बोटांचे हातमोजे, कान झाकणारी पातळ टोपी आणि वारा अडवणारं जॅकेट घ्या. पावसाळी पोंचो कामाचा नाही, वाऱ्यात त्याचं शीड होतं. उन्हाळ्यात, म्हणजे आपल्या डिसेंबर-जानेवारीत गेलात तर उलटी गत: सावली जवळजवळ नाही आणि ऊन आपल्यापेक्षा जास्त भाजतं. सनस्क्रीन, लांब बाह्या, निदान दोन लिटर पाणी.

हेल्मेट तिथे कायद्याने सक्तीचं आहे. गाड्या आपल्यासारख्याच डावीकडून चालतात, ही एक काळजी कमी. पूलबर्नच्या दरीत दोन बोगदे लागतात आणि पुढे हाइडकडे आणखी एक. आत दिवे नाहीत, म्हणून टॉर्च हवा; समोरून कोणी येत असेल तर उतरून चालत जा.

मुक्काम ओमाकाऊ, ओटुरेहुआ, रानफर्ली अशा छोट्या गावांत होतात आणि ते आधीच ठरवलेले बरे. चार-पाच दिवसांत निवांत होतं. शाकाहारी असाल तर बुकिंग करतानाच कळवा, कारण एखाद्या गावात जेवायची जागा एकच असते आणि तिथे तुमच्यासाठी काय आहे हे संध्याकाळी सहा वाजता शोधत बसण्यात अर्थ नाही. व्हिसाचा अर्ज आणि सायकलिंगच्या अपघातांना लागू होणारा प्रवास विमा ही दोन कामं सरावाच्या पहिल्याच आठवड्यात उरका. आणि विम्याच्या कागदात ई-बाइक वगळलेली नाही ना, हे आई-बाबांसाठी वेगळं तपासा.