लहान मुलासाठी दातांचा डॉक्टर आधीच ठरवून ठेवा

दाढ ठणकायला लागल्यावर मिळेल त्या दवाखान्यात रडत्या पोराला नेलं, की ते पुढे कित्येक वर्षं त्या खुर्चीची धास्ती घेतं. त्यामुळे काही दुखत नसतानाच डॉक्टर शोधा, पहिल्या वाढदिवसापर्यंत जमलं तर उत्तमच.

१. पाटीवर एमडीएस (दातांच्या डॉक्टरांची पदव्युत्तर पदवी) दिसलं तर कुठल्या विषयात ते विचारा. मुलांच्या दातांचा विषय पेडोडॉन्टिक्स. खानापूर-निपाणीकडे जवळपास कुणी सापडलं नाही, तर बेळगावच्या केएलई डेंटल कॉलेजात या विषयाचा वेगळा विभाग आहे.

२. आधी फोन करून विचारा, "पहिल्या खेपेला नुसते दात बघाल का?" हो म्हणाले तर जा. आरशाची दांडी मुलाच्या हातात देऊन, दात मोजून घरी पाठवणारा डॉक्टर मला सगळ्यात भरवशाचा वाटतो. मुलाला फक्त मराठी कळत असेल तर तेही सांगून ठेवा. डॉक्टर कन्नड बोलणारे असले तरी "आ कर, जरा गार लागेल" एवढं मुलाला कळेल असं सांगणारं कुणीतरी खुर्चीपाशी हवंच.

३. "दुधाचेच दात, पडतील" म्हणून कीड तशीच सोडणाऱ्याकडे परत जाऊ नका. मागच्या दुधाच्या दाढा १० ते १२ वर्षांच्या वयापर्यंत लागतात.

मात्र गाल सुजून ताप आला असेल तर ही निवड करत बसू नका, त्याच दिवशी जवळच्या डॉक्टरांना दाखवा.