अण्णांचं राहिलेलं मेडल: अर्ज टाकण्याआधीची तयारी

माजी सैनिकाच्या राहून गेलेल्या मेडलसाठी अर्ज लिहायला घेण्याआधी त्याचं डिस्चार्ज बुक (सेवेतून बाहेर पडताना मिळणारं नोंदींचं पुस्तक) उघडा आणि मेडलचं पान सावकाश वाचा. आमच्या वानवडीच्या घरात ते पुस्तक चाळीस वर्षं ट्रंकेत होतं. पेन्शनच्या कामाला दहा वेळा बाहेर निघालं असेल, पण हे पान कुणी नीट पाहिलंच नव्हतं. त्यावर संग्राम मेडल आहे, स्वातंत्र्याच्या २५व्या वर्धापनदिनाचं आहे, नऊ वर्षं सेवेचं आहे. 'पूर्वी स्टार' हे पूर्व आघाडीचं मेडल मात्र नाही. माझे वडील अण्णा डिसेंबर १९७१मध्ये पूर्वेच्या आघाडीवर होते. संग्राम मेडल त्या युद्धाच्या काळातल्या सेवेसाठी होतं, तर 'पूर्वी' आणि 'पश्चिमी' स्टार त्या त्या आघाडीवरच्या तुकड्यांसाठी. म्हणून ७१च्या जवानाच्या पानावर संग्राम असेल आणि स्टार नसेल, तर तिथे थांबून विचारायला हवं.

वाचताना क्लास्पही, म्हणजे मेडलच्या फितीवरची नाव असलेली पट्टीही, पाहा. सैन्य सेवा मेडल नोंदलेलं असतं, पण त्यावरचा 'जम्मू काश्मीर', 'नेफा' किंवा 'हिमालय' हा क्लास्प राहून गेलेला असतो. घरच्यांना वाटतं मेडल आहे, झालं. क्लास्पची नोंदही वेगळी मागावी लागते.

मग पेटीतली मेडलं काढा. कडेवर नंबर, हुद्दा आणि नाव कोरलेलं असतं. आईने एके दसऱ्याला सगळी चिंचेने घासून लख्ख केली होती, त्यामुळे एका मेडलवरची शेवटची दोन अक्षरं पुसट झालीत. मी ते खिडकीच्या उजेडात तिरकं धरलं, भिंगातून वाचलं आणि कडेचा फोटो काढून ठेवला. तुम्हीही फोटो काढा, आणि कृपा करून घासू नका.

आता नेमकं काय हवंय ते ठरवा. मेडल हातात आहे पण पुस्तकात नोंद नाही, हे एक काम. नोंद आहे पण मेडल कधी मिळालंच नाही, हे दुसरं. मेडल हरवलं, तर पोलिसांत तक्रार देऊन दुय्यम प्रत मागायची, हे तिसरं. नोंदही नाही आणि मेडलही नाही, हे चौथं, आणि आमचं तेच. असं बऱ्याच जणांचं होतं, कारण लढाई एका वर्षी होते, मेडल जाहीर होऊन टाकसाळीतून यायला वर्षं जातात, तोवर जवान दुसऱ्या युनिटला गेलेला असतो नाहीतर पेन्शनला आलेला असतो. जे अटॅचमेंटवर, म्हणजे दुसऱ्या युनिटला तात्पुरते जोडलेले, होते किंवा जखमी होऊन हॉस्पिटलात होते, त्यांची नावं युनिटच्या यादीतून गळण्याची शक्यता जास्त.

सगळ्यात जास्त वेळ आठवणीला कागदाचा आधार शोधण्यात द्या. आमचा पहिला अर्ज इथेच चुकला. मी दोन पानं भरून लिहिलं होतं की वडिलांनी कशी लढाई पाहिली, किती हाल काढले. त्यात कंपनीचं नाव नव्हतं, अटॅचमेंटचा काळ नव्हता. त्यातून क्लार्क काय शोधणार? दुसऱ्या वेळी अण्णांना रोज संध्याकाळी अर्धा तास बसवलं. तारीख विचारली की ते गप्प व्हायचे, म्हणून मी तारीख विचारणं सोडलं. "तेव्हा कमांडर कोण होते? लंगर कुठे होता? शेवटची रजा कोणत्या सणाला मिळाली होती?" असं विचारल्यावर ते भराभरा बोलू लागले. आईने जपलेली पत्रं काढली. एका पाकिटावर '९९ एपीओ' (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस) आणि टपालाचा शिक्का होता. ९९ एपीओ म्हणजे साधारणपणे पूर्वेकडचं युनिट, ५६ एपीओ म्हणजे पश्चिमेकडचं. पुरावा म्हणून हे एकटं पुरणार नाही, पण युनिट, काळ आणि ठिकाण एका ओळीत मांडायला त्याची मोठी मदत झाली. हॉस्पिटलची चिठ्ठी, मूव्हमेंट ऑर्डर, मागे नावं लिहिलेला ग्रुप फोटो, जे असेल ते काढा.

त्याच कंपनीतला एखादा सोबती हयात असेल तर त्याला फोन करा. पलटणीच्या रेझिंग डेला (स्थापनादिनाला) पुण्यात जमणाऱ्या जुन्या मंडळींकडून पत्ता लागतो. त्याच्या डिस्चार्ज बुकात तेच मेडल असेल तर त्या पानाची झेरॉक्स मिळवा, आणि दोघे एकत्र होते असं त्याच्याकडून प्रतिज्ञापत्रावर लिहून घ्या. माझं कळकळीचं सांगणं आहे की हे आजच करा. अण्णांच्या सेक्शनमधल्या ज्या काकांना मी दिवाळीनंतर भेटायचं ठरवलं होतं, ते दिवाळीआधीच गेले.

अर्ज कुठे जातो हे पक्कं करा. जवान आणि जेसीओंची (नायब सुभेदार आणि त्यावरचे ज्युनिअर कमिशन्ड ऑफिसर) कागदपत्रं रेजिमेंटच्या किंवा कोअरच्या रेकॉर्ड ऑफिसात असतात: मराठा लाइट इन्फंट्रीची बेळगावला, बॉम्बे सॅपर्सची इथे खडकीला, तोफखान्याची नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटची मध्य प्रदेशात सागरला, ईएमईची (सैन्याची यंत्रदुरुस्ती करणारी कोअर) सिकंदराबादला, सिग्नल्सची जबलपूरला. नौसैनिकांसाठी मुंबईत मानखुर्दला ब्यूरो ऑफ सेलर्स, वायुसैनिकांसाठी दिल्लीत सुब्रोतो पार्क. पेन्शननंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) दुसरी नोकरी केलेल्यांची दोन डिस्चार्ज बुकं असतात, आणि डीएससीचं रेकॉर्ड ऑफिस केरळात कण्णूरला आहे. मेडल ज्या सेवेतलं, त्या रेकॉर्डला आधी लिहा.

नंबरचीही अशीच काळजी घ्या. शिपाई म्हणून मिळालेला नंबर नायब सुभेदार झाल्यावर बदलतो आणि पुढे 'जेसी' लागतं. १९७१ची नोंद जुन्या नंबराखाली असणार, म्हणून दोन्ही नंबर शेवटच्या इंग्रजी अक्षरासकट लिहा. नाव डिस्चार्ज बुकात जसं आहे तसंच लिहा. तिथे ज्ञानू असेल आणि आधारवर ज्ञानदेव असेल, तर ती दुरुस्ती वेगळ्या अर्जाने करा. एकाच अर्जात नाव, जन्मतारीख, पत्नीचं नाव आणि मेडल असं सगळं घातलं की कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

शक्य असेल तर अर्जाआधी माहिती अधिकारात आपल्या सर्व्हिस रेकॉर्डची आणि त्या काळातल्या पार्ट टू ऑर्डरची प्रत मागा. शुल्क १० रुपये, पोस्टल ऑर्डर चालते, उत्तराची मुदत ३० दिवस. सही जवानाचीच असू द्या. तो हयात नसेल तर पत्नीची, सोबत पीपीओची (पेन्शन पेमेंट ऑर्डर) प्रत. पार्ट टू ऑर्डर या शब्दाला इथे फार वजन आहे, कारण सेवेतली प्रत्येक घटना तिच्यातूनच रेकॉर्डवर चढते. म्हणून अर्जाच्या शेवटी मागणीही तशीच लिहा: अमुक मेडलच्या पात्रतेची तपासणी व्हावी, पार्ट टू ऑर्डर निघावी, डिस्चार्ज बुकात नोंद व्हावी आणि मेडल मिळावं. ज्यांना पेन्शन नाही त्यांनी अजिबात थांबू नये. त्यांची सेवेची कागदपत्रं २५ वर्षांनंतर नष्ट करण्याचा नियम आहे, मागे राहतो तो लाँग रोल, म्हणजे थोडक्यात नोंदींची यादी. अशा घरात असलेलं मूळ डिस्चार्ज बुक सोन्यासारखं जपा आणि ते कधीही पोस्टाने पाठवू नका.

बाकीची जुळवाजुळव सोपी आहे. डिस्चार्ज बुकाच्या सगळ्या पानांच्या झेरॉक्स, कोरी पानंसुद्धा. पीपीओ, माजी सैनिक ओळखपत्र, आधार, दोन फोटो. प्रत्येक प्रतीवर सही. अर्ज एका पानाचा, पुरावे मागे नंबर घालून. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात, ज्याला जुनी माणसं अजून सैनिक बोर्ड म्हणतात, प्रती साक्षांकित करून घ्या आणि त्यांच्या पत्रासोबत अर्ज पुढे जाईल का ते विचारा. एक पूर्ण संच घरी ठेवा, आणि पाकीट स्पीड पोस्टाने पाठवा.

घरात एक बोलणं आधीच होऊन जाऊ द्या. या मेडलने पेन्शन वाढत नाही. पैसे शौर्यपदकांना असतात. माझ्या भावाने "मग एवढा खटाटोप कशाला?" असं विचारलं, तेव्हा अण्णा काही बोलले नाहीत, फक्त पुस्तक मिटून बाजूला ठेवलं. त्यानंतर भावानेच सगळ्या झेरॉक्स काढून आणल्या. आणि नोंद होईपर्यंत कॅम्पातल्या दुकानातून मेडल आणून छातीवर लावू नका. अण्णांनी २६ जानेवारीला तीनच लावली.

आमचं पाकीट मंगळवारी गेलं. दोन महिन्यांनी उत्तर नसेल तर स्मरणपत्र, मग केंद्राच्या तक्रार पोर्टलवर नोंद, आणि सगळे मार्ग संपले तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ, हा क्रम मी वहीत लिहून ठेवलाय. पोस्टाची पावती अण्णांनी स्वतः मागून घेतली आणि डिस्चार्ज बुकात मेडलच्या पानाला टाचणीने लावली.