पोटाचा जुनाट आजार: दोष शेवटच्या घासाला, आणि अशाच इतर चुका

पोट बिघडलं की पहिला प्रश्न ठरलेला, "आज काय खाल्लं होतं?" विषबाधा किंवा अ‍ॅलर्जी असेल तर तो रास्तच आहे. पण महिनोन्‌महिने चाललेल्या दुखण्यात हाच प्रश्न अनेकदा भलतीकडे नेतो. खाल्लेलं अन्न शरीराबाहेर पडायला साधारण एक ते तीन दिवस लागतात. जेवण झाल्यावर अर्ध्या तासात शौचाला धावावं लागलं, तर बाहेर पडतं ते कालचं नाहीतर परवाचं. जठर भरलं की मोठ्या आतड्याला हालचालीचा इशारा जातो. हे सगळ्यांच्याच शरीरात होतं, आयबीएस (इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, आतड्याची हालचाल आणि संवेदना बिघडण्याचा त्रास) असलेल्यांना ते जास्त जाणवतं, इतकंच. तरीही आळ येतो ताटातल्या शेवटच्या पदार्थावर. तो बंद होतो. पुढच्या खेपेला दुसरा. असं करत करत ताट रिकामं होतं, वजन उतरतं आणि पोट मात्र होतं तिथेच राहतं.

आजाराचं निदान होण्याआधीच पथ्य सुरू करणं ही माझ्या मते यातली सगळ्यात महागात पडणारी चूक. सीलिअ‍ॅक आजाराचंच बघा. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतल्या ग्लूटेन नावाच्या प्रथिनामुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा लहान आतड्याच्या अस्तरावरच हल्ला करते. त्याची पहिली तपासणी साध्या रक्तचाचणीने होते, टीटीजी-आयजीए नावाच्या. पण ही चाचणी शोधते ग्लूटेनमुळे तयार झालेली प्रतिपिंडं (अँटीबॉडीज). कुणाचं तरी ऐकून तुम्ही काही महिने गहू सोडला असेल, तर ती प्रतिपिंडं कमी झालेली असतात आणि आजार असूनही अहवाल 'निगेटिव्ह' येऊ शकतो. मग निदानासाठी पुन्हा गहू सुरू करावा लागतो. ब्रिटनमध्ये उपचारांची मार्गदर्शक तत्त्वं ठरवणाऱ्या 'नाइस' संस्थेच्या मार्गदर्शनात चाचणीआधी किमान ६ आठवडे, रोज एकापेक्षा जास्त वेळच्या खाण्यात ग्लूटेन असावं असं सांगितलं आहे. गहू सोडून बरं वाटू लागलेल्या माणसाला हे सहा आठवडे फार जड जातात. म्हणून क्रम पक्का ठेवा: आधी चाचणी, मग पथ्य. आणि आजार निघालाच, तर ते पथ्य आयुष्यभराचं आणि काटेकोर. त्यात 'एखाद्या दिवशी चालतं' नसतं.

आयबीएसचं गणित वेगळं. इथे दुर्बिणीने बघितलं तर आतडं निरोगी दिसतं, पण त्याची हालचाल आणि संवेदना बिघडलेली असते. त्याच्या निदानासाठीच्या २०१६ च्या आंतरराष्ट्रीय रोम-४ निकषांनुसार गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोटदुखी हवी आणि तिचा संबंध शौचाशी, शौच किती वेळा होतं यातल्या बदलाशी किंवा मलाच्या स्वरूपातल्या बदलाशी हवा. या तीन संबंधांपैकी किमान दोन जुळावे लागतात, आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी लागते. क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस या आजारांत मात्र आतड्याला खरोखर सूज आणि व्रण असतात. तिन्हींत जुलाब होऊ शकतात, तिन्हींत पोट दुखतं. त्यामुळे लक्षणं ओळखीची वाटली म्हणून शेजाऱ्याचं औषध घेणं हा जुगार आहे. मलातल्या कॅलप्रोटेक्टिन या प्रथिनाची चाचणी सूज आहे की नाही याचा चांगला अंदाज देते. डॉक्टरांना तिच्याबद्दल जरूर विचारा.

'मूळव्याध असेल' म्हणून थांबू नका

मलात रक्त दिसलं की बरेच जण स्वतःच मूळव्याधीवर शिक्का मारतात आणि वर्ष काढतात. मूळव्याध असेलही, पण ते तपासणाऱ्याने ठरवायचं. प्रयत्न न करता घटणारं वजन, झोपेतून उठवणारे जुलाब, ताप, कमी होत गेलेलं हिमोग्लोबिन, गिळताना अडकणं, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग: यांतलं काहीही असेल तर आयबीएस म्हणून सोडून देऊ नये. डांबरासारखा काळा, चिकट मल पचनमार्गाच्या वरच्या भागातल्या रक्तस्रावाचं लक्षण असू शकतो. (लोहाच्या गोळ्यांनीही मल काळा होतो, तेवढं आठवून पाहा.) आणि छातीत दाटून आलं, घाम फुटला, हातात किंवा जबड्यात कळ गेली, तर 'गॅस झालाय' म्हणत बसू नका. थेट इस्पितळ गाठा.

पथ्य सुरू केलं, पण संपवलंच नाही

लो-फॉडमॅप आहाराचं नाव आता अनेकांना माहीत आहे. मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या संशोधकांनी तो विकसित केला. कांदा, लसूण, गहू, दूध, काही फळं आणि कडधान्यं यांतल्या काही शर्करा (त्यांनाच फॉडमॅप म्हणतात) लहान आतड्यात नीट शोषल्या जात नाहीत. त्या पाणी ओढून घेतात, मोठ्या आतड्यात आंबतात आणि संवेदनशील पोटाला छळतात. चूक अशी होते की, लोक 'काय खाऊ नये' ची यादी भिंतीवर लावतात आणि तिथेच थांबतात. ती यादी फक्त पहिल्या टप्प्याची, दोन ते सहा आठवड्यांची. खरा तपास दुसऱ्या टप्प्यात असतो. समजा, दूध तपासायचं आहे. बाकी आहार तोच ठेवून पहिल्या दिवशी पाव कप, दुसऱ्या दिवशी अर्धा, तिसऱ्या दिवशी पूर्ण. त्रास झाला तर थांबायचं, पोट शांत होऊ द्यायचं आणि मग शर्करांचा पुढचा गट. बहुतेकांना शेवटी एखाद-दुसरा गटच बाधतो, तोही ठरावीक प्रमाणाच्या वर. बाकीचं सगळं ताटात परत आलं पाहिजे. सहा आठवड्यांत काहीच फरक पडला नाही तर हा आहार सोडून द्यावा, ओढत बसू नये. हे सगळं आहारतज्ज्ञाच्या सल्ल्याने केलेलं बरं. रक्तातल्या आयजीजी नावाच्या प्रतिपिंडांवरून 'तुम्हाला हे ऐंशी पदार्थ चालत नाहीत' सांगणाऱ्या महागड्या चाचण्यांवर मात्र पैसे घालवू नका. ती प्रतिपिंडं आपण तो पदार्थ खातो एवढंच दाखवतात.

नोंदवही ठेवा, पण नुसत्या जेवणाची नको. 'मंगळवार. झोप चार तास. सकाळी सात वाजता प्रकार ६, घाईने. दुपारी मीटिंग, जेवण नाही. रात्री दहाला भरपेट. साडेदहाला कळ.' एवढ्या पाच ओळींत संशयित चार आहेत आणि त्यांतला एकच पदार्थ असू शकतो. 'प्रकार ६' हा ब्रिस्टल तक्त्यातला. त्यात मलाचे सात प्रकार आहेत, १ म्हणजे सुट्या कडक गोळ्या, ७ म्हणजे निव्वळ पाणी. 'पोट साफ नाही' यापेक्षा डॉक्टरांना या आकड्याचा कितीतरी जास्त उपयोग होतो.

बद्धकोष्ठावर सरसकट कोंडा खाणंही आयबीएसमध्ये उलटतं, पोट जास्त फुगतं. इसबगोलासारखा विरघळणारा तंतू थोड्यापासून, भरपूर पाण्याबरोबर वाढवावा. वयस्कर माणसांत एक फसवा प्रकार दिसतो: आत मल घट्ट अडकलेला आणि त्याच्या कडेने पातळ पाझरतो. घरचे जुलाब समजून ते थांबवायची गोळी देतात आणि अडथळा आणखी पक्का होतो.

औषधांबाबत दोन गोष्टी. ओमेप्राझोल, पँटोप्राझोलसारख्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या असतात. छातीत जळजळू लागल्यावर घेतली तर तिचा फारसा उपयोग नाही. आणि महिनोन्‌महिने घेऊन एकदम बंद केली की आम्ल काही काळ उसळून येतं. त्याला लोक 'आजार परतला' समजतात. कमी करायची असेल तर डॉक्टरांशी बोलून टप्प्याटप्प्याने करा. दुसरी गोष्ट कोलायटिस आणि क्रोन्सची. बरं वाटतंय म्हणून चालू औषध स्वतः बंद करू नका. बरं वाटतंय ते बऱ्याचदा त्या औषधामुळेच. सांधे किंवा डोकं दुखलं तर आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारखी वेदनाशामकं घेण्याआधीही विचारा, त्यांनी आजार उसळू शकतो.

आयबीएसच्या दुखण्यासाठी डॉक्टरांनी कमी मात्रेत अमिट्रिप्टिलिन लिहून दिलं की अनेक जण गुगल करतात, 'नैराश्याचं औषध' वाचतात आणि चिठ्ठी फाडतात. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत निरोप चालू असतात. हे औषध इतक्या कमी मात्रेत त्या निरोपांमधली वेदना मंदावतं. तुमचं दुखणं खोटं आहे असं कुणी म्हणत नसतं. रात्री घ्यायचं, सुरुवातीला तोंड कोरडं पडतं, झापड येते, परिणाम दिसायला काही आठवडे जातात. चार दिवसांत सोडलं तर फक्त झापडच पदरात पडते.