गोल्फ कार्टचा नवा मोटर कंट्रोलर: आधी पेडल, मग वेग

‘कंट्रोलर बदल, सगळे आकडे शंभर टक्क्यांवर ने, गाडी उडेल बघ.’ हा सल्ला मी इतक्यांदा ऐकलाय की आता तो देणाऱ्याशी मी सरळ भांडतो. सोलेनॉइड (बॅटरीचा मोठा करंट जोडणारा-तोडणारा विजेचा स्विच) चिकटतात, केबलचे लग (टोकाच्या धातूच्या कड्या) वितळतात, माणसं जखमी होतात, त्याची सुरुवात बहुतेकदा इथूनच होते. कंट्रोलर, म्हणजे बॅटरीतून मोटरला किती करंट द्यायचा ते ठरवणारा डबा, बसवणं हे पान्याचं काम आहे, दुपारभरात होतं. त्याला तुमच्या गाडीचं पेडल नीट ओळखायला लावणं, हे खरं काम.

विकत घेण्यापूर्वी मोटर सिरीज आहे (फील्ड, म्हणजे चुंबक तयार करणारी गुंडाळी, आणि फिरणारा भाग एकाच करंटवर) की सेपेक्स (फील्डला वेगळा करंट), हे स्वतः बघा. विक्रेत्याच्या अंदाजावर जाऊ नका. मोटरवर चार टोकं असतात. ए-१, ए-२ सोबत एस-१, एस-२ असतील आणि चारही टोकं सारखीच जाडजूड असतील, तर सिरीज. एफ-१, एफ-२ असतील आणि त्यांना बारीक तारा जात असतील, तर सेपेक्स. खुणा पुसल्या असतील तर तारा सोडवून फील्डचा रोध मोजा. सिरीजचा जवळजवळ शून्य येतो, सेपेक्सचा साधारण एक ओमच्या आसपास. एकाचा कंट्रोलर दुसऱ्याला चालत नाही. बॅटरीचा व्होल्टेजही मोजूनच ठरवा. सहा व्होल्टच्या सहा म्हणजे ३६. आठच्या सहा किंवा बाराच्या चार म्हणजे ४८. सोलेनॉइडची कॉइलही त्याच व्होल्टची हवी.

मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वर, गाडी स्टँडवर, पुढच्या चाकांना उटी. नुसत्या जॅकवर नको. गाडी प्रत्यक्ष चालवून बघेपर्यंतचं सगळं काम याच अवस्थेत करायचंय.

जुन्या जोडणीचे फोटो काढा, स्विच ‘टो’वर (गाडी ओढून नेण्याच्या स्थितीत) करा, बॅटरी पॅकची निगेटिव्ह केबल सोडवा. आता थांबा. सोलेनॉइडच्या दोन मोठ्या टोकांवर एक रेझिस्टर असतो. किल्ली बंद असली तरी त्यातून कंट्रोलरमधले कपॅसिटर (वीज साठवणारे भाग) भरलेले राहतात, आणि केबल काढल्यावरही ते लगेच रिकामे होत नाहीत. कंट्रोलरच्या बी-प्लस आणि बी-मायनस टोकांवर १०० ओम, २५ वॅटचा रेझिस्टर काही सेकंद धरा, मग मीटरनं खात्री करा. स्क्रूड्रायव्हर आडवा टाकून ठिणगी पाडायची नाही.

तो रेझिस्टर ‘फालतू’ म्हणून काढून टाकणारे भेटतात. काढू नका. तो नसेल तर सोलेनॉइड मिटताक्षणी रिकाम्या कपॅसिटरमध्ये प्रचंड करंट घुसतो आणि संपर्क एकमेकांना वेल्ड होतात. मग पाय उचलला तरी सोलेनॉइड सुटत नाही. कॉइलवरचा डायोडही लावा, पट्टीची बाजू पॉझिटिव्हला.

कंट्रोलरचा तळ सपाट धातूवर, मध्ये थर्मल पेस्टचा पातळ थर. नट आवळताना टोक पिरगळणार नाही असं बघा. जास्त अँपिअरचा कंट्रोलर घेतलाय तर केबलही जाड घ्या.

आता थ्रॉटल, म्हणजे पेडल किती दाबलंय ते कंट्रोलरला कळवणारा भाग. मी स्वतः इथेच तोंडघशी पडलो, म्हणून जरा सविस्तर.

थ्रॉटल एका प्रकारचा नसतो. कुठे पेडल दाबल्यावर रोध शून्यापासून पाच किलोओमपर्यंत चढतो, कुठे पाचवरून शून्याकडे उतरतो, कुठे व्होल्टेज बदलतो, कुठे इंडक्टिव्ह सेन्सर असतो. कंट्रोलरला हे आपोआप कळत नाही, ते तुम्ही सांगायचं. मी एकदा चढणाऱ्या थ्रॉटलला उतरणारा समजलो. कंट्रोलरनं पेडल फॉल्ट दाखवून चालायला नकार दिला. एका ‘जाणकारा’नं सांगितलं, ‘हाय पेडल डिसेबल बंद कर, ती कटकट जाईल.’ सुरुवातीलाच पेडल दाबलेलं दिसलं तर गाडी चालू न देणारी ती सेटिंग. मी बंद केलं. पेडलला बोट लावलं, पेडलचा मायक्रोस्विच ‘टिक्’ झाला आणि चाकं एकदम पूर्ण वेगात. घाबरून मी पेडल आणखी दाबलं तर वेग कमी झाला! सगळं उलटं. गाडी स्टँडवर होती म्हणून समोरची भिंत वाचली, आणि भिंतीपुढे उभा असलेला माझा भाऊही. ती सुरक्षा सेटिंग पुन्हा कुणाच्याही सांगण्यावरून मी बंद केलेली नाही. फॉल्ट येतोय म्हणजे कंट्रोलर तुमची चूक दाखवतोय. चूक शोधा.

शोधायची अशी: थ्रॉटलचा प्लग काढा, मीटर ओमवर लावा, पेडल सावकाश खाली न्या. आकडा चढतो की उतरतो, मध्ये उडी मारतो का, हे तीनदा बघा. उडी मारत असेल तर थ्रॉटल बदला, प्रोग्रॅमिंगनं तो बरा होत नाही. सेन्सर व्होल्टेज देणारा किंवा इंडक्टिव्ह असेल तर ओमचा आकडा काही सांगत नाही. तिथे कंट्रोलर बनवणाऱ्याच्या माहितीपत्रकातलाच प्रकार निवडा.

प्रकार बरोबर बसला की दिशेचा स्विच न्यूट्रलला ठेवून प्रोग्रॅमरचा (कंट्रोलरची सेटिंग बदलणाऱ्या उपकरणाचा) मॉनिटर उघडा. समजा पाय काढल्यावर थ्रॉटल चार टक्के दाखवतोय आणि तळाला त्र्याण्णव. मग सुरुवातीचा मृत पट्टा (जिथपर्यंत पेडल हललं तरी गाडी हलत नाही) आठवर ठेवा आणि पूर्ण वेगाची हद्द अठ्ठ्याऐंशीवर. पेडलची स्प्रिंग सैलावते, धूळ बसते, आकडे थोडे सरकतात. अगदी काठावर सेटिंग केलंत तर पाय काढल्यावरही गाडी सरपटेल. पाय काढल्यावर मॉनिटरवर स्वच्छ शून्य दिसेपर्यंत पुढे जायचं नाही.

चाकं वर असताना पेडल हलकंच दाबा. सिरीज मोटर भाराशिवाय बेफाम पळते, सेपेक्सचं फील्ड तुटलं तर तीही. पूर्ण पेडल हवेत कधीच नको. पुढे-मागे दिशा तपासा.

मग बाकीचे आकडे, एका वेळी एकच, प्रत्येक बदल वहीत. आधी बॅटरीची खालची मर्यादा: लेड-ॲसिडला सेलमागे १.७५ व्होल्ट धरा, म्हणजे ४८च्या पॅकला ४२ आणि ३६च्याला ३१.५. लिथियम पॅक असेल तर कमाल करंट बीएमएसच्या (पॅकचं रक्षण करणाऱ्या सर्किटच्या) मर्यादेच्या खाली ठेवा, नाहीतर ऐन चढावर बीएमएस सगळं बंद करेल. सोळा सेलचा लिथियम आयर्न फॉस्फेट पॅक पूर्ण भरल्यावर ५८.४ व्होल्टपर्यंत जातो. कंट्रोलरची वरची मर्यादा त्याच्या वर हवी. आणि भरलेल्या पॅकवर उतारावरचं रिजनरेशन (मोटरनं ब्रेक लावत बॅटरीत वीज परत भरणं) व्होल्टेज आणखी चढवतं, म्हणून ते सौम्य ठेवा.

त्यानंतर प्रवेगाचा रॅम्प, म्हणजे वेग किती झपाट्यानं चढावा ते. मऊ ठेवा, डिफरन्शियल (मागच्या ॲक्सलमधले गिअर) वाचेल. सेपेक्समध्ये फील्डचा किमान करंट कमी केला की सपाटीवर वेग वाढतो, पण त्याच वेळी जोर घटतो आणि मोटर तापते. तो थोडाथोडाच उतरवा आणि, गाडी स्टँडवरून खाली घेतल्यावर, प्रत्येक वेळी चढावर नेऊन मोटरला हात लावून बघा.

गाडी खाली उतरवा, मोकळ्या जागी अर्धा तास चालवा. मग किल्ली बंद, स्विच ‘टो’वर, निगेटिव्ह सोडवा, कपॅसिटर पुन्हा रिकामे करा आणि एकेक लग बोटानं चाचपा. जो बाकीच्यांपेक्षा गरम लागेल तो पुन्हा उघडून घासा आणि आवळा.