शेळ्या बाजाराला नेताना भीती अंगात भिनू देऊ नये

साक्री किंवा चोपड्याकडच्या खेड्यातून शेळ्या आठवडे बाजाराला न्यायच्या असतील, तर तयारी टेम्पो दारात येण्याच्या आदल्या संध्याकाळीच सुरू करावी. भीतीची संप्रेरके रक्तात उतरायला काही सेकंद पुरतात, पण त्यांनी स्नायूंतून उपसलेला साठा भरून यायला रवंथ करणाऱ्या जनावराला काही दिवस लागतात.

शेळी कान धरून ओढली की मेंदूचा इशारा मज्जातंतूंवाटे मूत्रपिंडांजवळच्या अधिवृक्क ग्रंथींना पोचतो आणि ॲड्रेनलिन हे संप्रेरक रक्तात सुटते. ते स्नायूपेशीच्या बाहेरच्या पटलाला चिकटते आणि आतले ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, फुटू लागते. ही साखर स्नायूला परत रक्तात सोडता येत नाही, ती तिथेच खर्ची पडते. ॲड्रेनलिन काही मिनिटांत ओसरते. कॉर्टिसॉल या भीतीच्या दुसऱ्या संप्रेरकाची वाट मात्र लांबची असते: मेंदूतील पीयूषिका ग्रंथीचे संप्रेरक रक्तातून अधिवृक्क ग्रंथीपर्यंत जाते, मग कॉर्टिसॉल तयार होऊन रक्तातील प्रथिनांना धरून अंगभर फिरते आणि पटल ओलांडून थेट पेशीत शिरते. ते ओसरायला तासाहून अधिक वेळ लागतो; म्हणूनच वरून शांत दिसणारी शेळी आतून शांत झालेलीच असते, असे मानू नये.

आदल्या रात्री मांडीच्या आतल्या बाजूला बोटे ठेवून नाडी मोजून ठेवावी. विसावलेल्या शेळीची नाडी मिनिटाला साधारण ७० ते ९० असते. श्वासही मोजता येतो, परंतु खानदेशातल्या उन्हाळ्यात जनावर नुसत्या उष्म्यानेही धापा टाकते, त्यामुळे माझा भरवसा नाडीवर अधिक आहे.

उन्हाळ्यात सूर्योदयापूर्वीच निघावे. टेम्पोत पेंढा अंथरावा, चढायला घट्ट बसलेली उतरती फळी लावावी आणि एकाच गोठ्यातल्या शेळ्या एकत्र ठेवाव्यात, कारण अनोळखी शेळ्या वाटभर एकमेकींना टकरा देत राहतात. कळपाच्या पुढे चालणारी शेळी आधी चढवली की बाकीच्या बहुधा मागोमाग येतात. काठी उगारू नये.

उतरल्यावर सावली, पाणी आणि ओळखीचा चारा द्यावा, व नाडी आदल्या रात्रीच्या आकड्याजवळ आल्याखेरीज पुन्हा हाताळू नये. कापण्यासाठी न्यायच्या बोकडाच्या बाबतीत हे अधिकच कटाक्षाने पाळावे. ग्लायकोजेन संपलेल्या स्नायूत पुरेसे लॅक्टिक आम्ल तयार होत नाही, सामू (pH, आम्लता जितकी जास्त तितका हा आकडा कमी) ५.५ च्या आसपास उतरण्याऐवजी ६ च्या वर राहतो, आणि मटण काळपट, चिकट होऊन लवकर खराब होते. तिथे तासाभराची सावली पुरत नाही, चाऱ्यापाण्यासह काही दिवसांची विश्रांती द्यावी लागते.